गुणाजीच्या अंगातली देवी

गुणाजी परबाने उभ्या जन्मात देवापुढे मान वाकवली नाही. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता, आणि त्याची शिवी साच्यांच्या खडखडाटातही स्पष्ट ऐकू यायची. घाटकोपरच्या चाळीत कुणाच्या अंगात आलं की हा दारात उभा राहून म्हणायचा, "दोन थोबाडीत मारा, देवी गावाक जातली."

अडुसष्ट साली त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप बोटांवर घासू लागला, तंबाखू मळावी तसा. वर्षभरात उजवा पाय फरफटू लागला. मग रोग डाव्या अंगात शिरला, चेहरा थिजला आणि आवाज इतका खाली गेला की खिडकीतला कावळाही उडेना. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. शेजारच्या रुक्मिणीने मात्र, देवीची थट्टा केली ती भोवली, असं निदान केलं. चाळीला तेच पटलं. गुणाजी खाटेवर बसून राहिला आणि बायको रत्नप्रभा सोडली तर त्याच्याकडे कुणी फिरकेना.

त्र्याहत्तरमध्ये डॉक्टरांनी नवी गोळी सुरू केली आणि गुणाजी उठला. स्वतःच्या पायांनी संडासापर्यंत जाऊन आला. बायकोच्या खांद्यावर वर्षं काढलेल्या माणसालाच या यात्रेचं पुण्य कळावं. पण पुढे पुढे गोळी घेतली की तासाभराने मान डोलू लागली, खांदे उडू लागले, सगळं अंग घुसळून निघू लागलं.

"हे गोळीमुळेच," डॉक्टर म्हणाले. "कमी केली तर डोलणं थांबेल, पण पुन्हा आखडाल."

गुणाजीने डोलणं पत्करलं. रुक्मिणीने ते पाहिलं नेमकं मंगळवारी.

"आली गं बाई. शेवटी त्याच्याच अंगात आली," म्हणत ती कुंकू आणायला धावली.

झालं. दर मंगळवारी नारळ, उदबत्त्या आणि दारात रांग. कुणाच्या पोराची नोकरी, कुणाच्या सुनेची कूस. गुणाजी जीव तोडून सांगायचा, "अगो, ही गोळी आसा." देवी अशीच परीक्षा बघते, असं लोक एकमेकांना समजावत. गोळीला उशीर झाला की देवीलाही उशीर व्हायचा, पण ते कुणाला खटकलं नाही.

हयातभर ढोंग्यांची रेवडी उडवलेल्या माणसाला हे सोसवेना. एका मंगळवारी त्याने ठरवलं, गोळीचा अंमल उतरेपर्यंत सगळ्यांना बसवून ठेवायचं आणि डोलणं थांबलं की मुठीत राखून ठेवलेली पुढच्या वेळची गोळी दाखवून चाळीचे डोळे उघडायचे. त्याची उरलीसुरली अब्रू त्या मुठीत होती.

अंमल उतरला. मान स्थिर झाली, हातपाय जड होऊ लागले. तो मूठ उघडणार, इतक्यात रांगेतलं शेवटचं माणूस पुढे आलं. ती रत्नप्रभा होती. रोज घड्याळ बघून त्याच्या तोंडात गोळी घालणारी, डॉक्टरांचा शब्द न् शब्द ऐकलेली. तिने डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि नवऱ्यालाच नवऱ्याविषयी परक्यासारखं विचारलं, "आये, माझो घोव बरो होतलो मा?"

गुणाजीला रडू आलं. थिजलेल्या चेहऱ्यावर ते कुणाला दिसलं नाही. त्याने मुठीतली गोळी हळूच मांडीखाली सारली. मग होती नव्हती ती ताकद लावून आखडलेले खांदे एकदा डावीकडे हलवले, एकदा उजवीकडे. जन्मात पहिल्यांदाच तो आपणहून घुमला.

"होतलो गो बाय," तो म्हणाला. "होतलो."