सतराच्या पाढ्यापर्यंत

माझ्या धाकट्या भावाला गल्लीत सगळे दांडगोबा म्हणतात. सहा फूट उंची, झुबकेदार मिशा, हात म्हणजे नुसती फावडी. गोदाम बंद पडलं, हमाली गेली, तेव्हा मीच त्याला म्हटलं, "घरी बसून छत काय मोजतोस? माझ्या पाळणाघरात ये." पाण्याचे जार चढवील, झाडलोट करील, एवढंच माझ्या मनात होतं.

पण झालं भलतंच. पहिल्याच आठवड्यात एक पोर रडून रडून लालबुंद झालं. मी थकले, मदतीच्या मावशी थकल्या. यानं त्याला डाव्या हातावर पालथं टाकलं, डोकं कोपराशी, पाय लोंबते, आणि येरझाऱ्या घालत पुटपुटायला लागला, "बे एके बे, बे दुणे चार..." अंगाई कुठून येणार त्याला? शाळेत मार खाऊन पाठ केलेले पाढे तेवढे येत होते. तीनचा संपायच्या आत पोर डाराडूर! मग दोन वर्षं दुपारची झोप त्याच्याकडेच. सतराच्या पुढे कुणी जागं राहिलंच नाही. "बरंय ताई," म्हणायचा, "मला अठराचा येतच नाही." इतका खूश मी त्याला जन्मात पाहिला नव्हता.

पोरांच्या आयांना यातलं काही ठाऊक नव्हतं. सकाळ-संध्याकाळ तो जार उचलताना दिसायचा, म्हणून सगळ्यांनी त्याला पाणीवाला ठरवून टाकलं होतं. मीही कधी बोलले नाही. त्या काय म्हणतील याची धास्ती मला होतीच की!

एका दुपारी एक बँकवाली बाई लवकर आली. अर्ध्या दारावरून तिनं बघितलं, तिची लेक याच्या हातावर झोपलेली. आत घुसून तिनं पोरीला हिसकावून घेतलं. पोर दचकून रडायला लागली.

"अहो, माझा सख्खा भाऊ आहे तो!"

"असेल. पण पुरुषमाणसाचं इथे काय काम? आणि तोंड बघा त्याचं!"

तो तिथेच उभा होता. हात तसाच, पोर गेल्यावरही कोपरात वाकलेला.

संध्याकाळी दारात पाच जणी. "आमचं तसं काही म्हणणं नाही हो, पण हल्ली काय काय ऐकू येतं..." माझं डोकंच सणकलं. "गेली दोन वर्षं तुमची पोरं शांत झोपतात, ती कुणाच्या जिवावर?" म्हणाले आणि जीभ चावली. दोन वर्षं! सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक पडले. वाचवायला गेले आणि मीच त्याला खड्ड्यात घातलं.

"चार दिवस फक्त जार बघ," मी त्याला म्हटलं. त्यानं मान हलवली.

खरं पाप तर दुसऱ्या दिवशी घडलं. एका पोरीचे कपडे बदलत होते. तिची पाठ पाहिली, दंड पाहिले, पालथी करून पुन्हा पाहिलं. कशाला? ज्याला मी कडेवर वागवलं, त्याच्या हातचे वळ मी शोधत होते! मेलं ते त्या बायकांचं "काय काय" डोक्यात शिरलं होतं. डास चावल्याची खूणसुद्धा नव्हती. वर बघते तर अर्ध्या दारापलीकडे हा उभा, हातात बाटली.

"दूध गरम आहे ताई, बघून दे," म्हणाला, आणि बाटली कठड्यावर ठेवून गेला.

तो परत आला नाही. तीनदा घरी जाऊन विनवण्या केल्या. "नको ताई, तुझं पाळणाघर नीट चालू दे." आता सिमेंटची पोती उचलतो.

गेल्या महिन्यात माझी लेक बाळाला घेऊन आली, दीड महिन्याचं. पोट दुखून ते कळवळत होतं. हा बघायला आला आणि उंबऱ्यातच थांबला.

"मामा, घे ना! तुझ्याकडे लगेच झोपतात ना?"

त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले. "हात खरखरीत झालेत गं."

"घे रे, आपलंच आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला. तो माझ्याकडे बघेचना. मग तिथूनच, हात पाठीशी धरून, त्यानं सुरुवात केली, "बे एके बे, बे दुणे चार..."

सातचा झाला, बाराचा झाला. लेक माझ्या तोंडाकडे बघत होती. सतराचा संपला, तसा तो गप्प झाला. बाळ रडतच होतं.