कशातनं लागलीस?

सोमवारी दौंडला सरकारी नोकरीत रुजू झाले. लिपिक म्हणून. शिरूरच्या अभ्यासिकेत खुर्च्या झिजवून, एकदा पुढं ढकललेली आणि एकदा चक्क रद्द झालेली परीक्षा सोसून मिळालेली नोकरी... म्हणजे आनंदाचाच दिवस. पण खरं सांगू? मी वैतागलेली होते.

कारण निकाल लागल्यापासून 'अभिनंदन' म्हणून गप्प बसलेला एकही माणूस मला भेटलेला नाही. लगेच पुढचा प्रश्न तयार... 'कशातनं लागलीस?'

आम्ही धनगर. आजोबा मेंढरं घेऊन फिरायचे, माझे वडील आप्पा शिरूरच्या मार्केट यार्डात कामाला लागले आणि आम्ही गावात स्थिरावलो. भरतीत भटक्या जमातींना, म्हणजे एनटींना, राखीव जागा असतात, तशी मलाही होती. पण मार्क ओपनच्या कटऑफच्या वर आले, त्यामुळे निवड ओपनमधून झाली. नियमच तसा आहे. ओपन म्हणजे सगळ्यांना खुलं.

हे एवढंसं मी या महिन्यात इतक्यांना समजावलंय की झोपेतही बडबडत असेन.

समाजाच्या सत्कारात शाल घालता घालता प्रमुख पाहुणे माइकवर म्हणाले, "आपल्या कोट्याची जागा आपल्या लेकीनं राखली!" टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर मी त्यांना नीट सांगायला गेले तर म्हणाले, "असू दे गं, एकच की." एकच कसं?

आणि आमच्या शेजारचे नाना. त्यांची प्राजक्ता आणि मी अभ्यासिकेत शेजारीशेजारी बसायचो, एका डब्यात जेवायचो. तिचा ओपनमधला नंबर थोडक्यात हुकला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी नाना ओट्यावर आले आणि आप्पांना म्हणाले, "तुमचं येगळं ताट वाढल्यालं हाय ना? मग आमच्या पंगतीत कशाला बसली पोरगी?"

मला राहवलं नाही. "नाना, कोट्यातून लागले असते तर म्हणाला असता, फुकटात मिळाली. ओपनमधून लागले तर म्हणताय, आमची घेतली. मग मी लागायचं तरी कुठनं?"

नाना उठून गेले. प्राजक्ता तेव्हापासून बोलत नाहीये... तिचं दुःख मला कळतं हो. थोडक्यात नंबर जाणं काय असतं ते मीही भोगलंय. पण चीड यायची ती येतेच.

तर, सोमवार. माझ्याबरोबर आणखी एक मुलगी रुजू झाली. सारिका. दौंडजवळच्या एका वस्तीवरची, माझ्यापेक्षा लहान. तिथल्या जुन्या क्लार्कना सगळे भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला, आडनावं विचारली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "कोट्यातनं का?"

महिन्याभराचा वैताग एकदम वर आला. "नाही. ओपनमधून. मेरिटवर!" जरा जोरातच म्हणाले मी.

"वा, म्हंजी हुशार हायस," भाऊसाहेब म्हणाले आणि सारिकाकडे वळले. "आन् तू गं?"

तिनं कप खाली ठेवला. "परीक्षेतनं, भाऊसाहेब."

"तसं न्हाई, म्हंजी..."

"एनटीतनं लागले. पण पेपर समद्यांना एकच व्हता. आता फायली कुठल्या बघायच्या ते सांगा."

भाऊसाहेबांनी निमूटपणे फायली पुढं सरकवल्या. मला मनातल्या मनात टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या...

दुपारी आम्ही एकत्र डबा खायला बसलो. मी तिचं कौतुक करायला लागले, तर तिनं मध्येच थांबवलं. आवाजात राग अजिबात नव्हता. "ताई, तुम्ही ओपनला गेला म्हणून एनटीतली एक जागा सुटली, आन् माझा नंबर वर आला. त्याचा आनंदच हाय मला. पण सकाळी तुम्ही मेरिट म्हणला ना, तवा मला वाटलं, मी काय चोरून आलीय का इथं?"

मी माझा डबा तिच्याकडे सरकवला आणि तिच्या घरचं विचारलं.

मग ती सहज सांगत गेली. तिच्या घरची मेंढरं अजून फिरतात. दिवाळी झाली की आईवडील कळप घेऊन निघायचे, हिची शाळा बुडायची. परत आल्यावर आधी बुडालेला अभ्यास, मग वर्गातला. दहावीच्या पुढं गेलेली घरातली पहिलीच ती.

म्हणजे बघा, सरकारी कागदावर आम्ही दोघी एकाच रकान्यात. पण माझ्याकडे एका जागी राहणारं घर होतं, अभ्यासिका होती, प्राजक्तासारखी मैत्रीण होती. आमच्या मार्कांत जो काही फरक असेल त्यात हेही धरायला हवं की नाही? राखीव जागा नेमकी कशासाठी असते, हे लोकांना समजावत फिरणाऱ्या मला ते त्या डब्याशी बसून समजलं.

मी सॉरी म्हणाले. ती म्हणाली, "असू द्या ओ. लोणचं घ्या, आईनं केलंय."

संध्याकाळी शिरूरच्या एसटीत बसल्यावर प्राजक्ताला मेसेज केला. पुढची जाहिरात आली की सांग, सुट्टीच्या दिवशी येत जाईन, सोबत अभ्यास करू. तिनं वाचला. उत्तर अजून नाही... येईल तेव्हा येईल.

वैताग गेलाय असं मुळीच नाही. नाना अजून तोंड फिरवतात, सत्कारवाल्यांनी फेसबुकवर 'कोट्याची जागा' असंच टाकलंय, आणि ऑफिसात उद्या नवीन कुणी आलं की भाऊसाहेब तोच प्रश्न विचारतील. पण स्वतःची बाजू सांगताना दुसऱ्या कुणाला खाली ढकलायचं नाही, एवढं तरी माझ्या हातात आहे.

नोकरी अभ्यास करून मिळवली. शेजारच्या टेबलावर सारिका मिळाली, ते मात्र नशीब.