दौंडचं देणं

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ जागोजाग चुकलं असेल, त्याची माफी आधीच मागून ठेवते. माझी शाळा चौथीत सुटली. त्यानंतर या हाताने लिहिलं ते बँकेतली सही आणि डेअरीच्या कार्डावरचं नाव, एवढंच. ही वही लेकीच्या कॉलेजातली उरलेली आहे. एका बाजूला रेघा, दुसऱ्या बाजूला कोरं पान. मी रेघांच्या बाजूला लिहिते, तरी ओळ खाली घसरतेच. कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पण वाचलंच, तर हसू नका.

आज सकाळी धार काढून हात धुतले, पदराला पुसले आणि सहज नाकाजवळ नेले. दुधाचा वास साबणाने जात नाही. कोमट, किंचित आंबूस, गायीच्या अंगाचा आणि सरकी पेंडीचा मिळून झालेला तो वास तीस वर्षं माझ्या बोटांत मुरला आहे. माणसाचं काम त्याच्या हाताला आधी कळतं आणि तोंडाला मागून, असं मला वाटतं. कांदा भरणाऱ्या बाया चैत्रात शेजारी येऊन बसल्या तर डोळे मिटूनही ओळखू येतात. आणि माझी अश्विनी कुरकुंभहून सुट्टीला घरी यायची, तेव्हा तिच्या हातांना एक गार, टोचरा वास असायचा; नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा. एमएस्सी केमिस्ट्री झालेली पोर. औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये काचेच्या बाटल्यांतून थेंब मोजायची. पांढरा कोट, गळ्यात फोटोचं कार्ड, दर महिन्याला बँकेत पगार. न्हावऱ्यात आमच्या भावकीत एवढी शिकलेली ती पहिली मुलगी. तो वास मी छाती भरून घ्यायची. मला काय ठाऊक, की तो वास तिला नको झाला होता!

त्या पगारावर आणि त्या कोटावर दौंडचं स्थळ आलं. मुलगा कुरकुंभलाच दुसऱ्या कंपनीत सुपरवायझर, शांत, निर्व्यसनी. साखरपुडा त्यांनी करायचा आणि लग्न आम्ही, असं बोलणीत ठरलं. त्यांनी दौंडला कार्यालय घेतलं, अडीचशे पान उठलं, अश्विनीला अंगठी आणि भारी साडी घातली. मुलाची आई कमलताई, माझ्याच वयाच्या. त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली आणि हसल्या. लग्न दिवाळीनंतर होतं.

साखरपुड्याला दीड महिना झाला नाही तोच ऊसाच्या चिखलावरून अश्विनीच्या वडिलांची मोटारसायकल घसरली. मांडीचं हाड मोडलं. शिरूरच्या दवाखान्यात ऑपरेशन करून आत सळई घातली आणि एकवीस दिवस ते पाठीवर पडून राहिले. अश्विनी रजा काढून आली.

तिथे एक सिस्टर होती, केरळची. अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलायची. पहिल्या दिवशी तिने चादर उचलून यांची पाठ पाहिली आणि मला म्हणाली, "मावशी, हर दो घंटे बाजू बदलायची. नाहीतर पाठ खराब होणार."

मी लाजतलाजत म्हटलं, "आजारानं बसलेल्या गायीची कूस आम्ही बी बदलतो. खाली पेंढा घालतो."

ती मोठ्याने हसली. "मग अर्धी नर्सिंग तो आपको आती है!"

मी पदर तोंडाला लावला. पण अश्विनी हसली नाही. ती सिस्टरच्या हातांकडे बघत होती. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि एवढा धिप्पाड माणूस न कण्हता कुशीवर. त्या हातांत जोर किती आणि मऊपणा किती, याचं माप कोणत्या काचेच्या नळीत घ्यावं? आठवड्याभराने अश्विनीने सिस्टरला सोबत घेऊन ते स्वतः केलं. वडिलांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. कॉलेजात पहिली आली तेव्हाही ते तोंड असं दिसलं नव्हतं.

संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर चहा पिताना ती म्हणाली, "आई, लॅबमध्ये दिवसभर मी बाटलीशी बोलते. पण कोणती बाटली बरी होऊन घरी गेली, असं कवा झालं न्हाई."

मला वाटलं, दमली आहे. पण वडील काठी घेऊन चालायला लागले तोवर तिने सगळं शोधून ठेवलं होतं. आपल्याकडे नर्स व्हायचं तर पहिल्या वर्षापासून सुरू करून चार वर्षं. इंग्लंडात मात्र दुसरं काही शिकलेल्यांनाही सरळ मास्टर्सला घेतात. दोन वर्षांत नर्स. तिने परीक्षा दिली, मुलाखत दिली आणि प्रवेश हातात आल्यावर आम्हाला सांगितलं. पैशासाठी तिची पाच वर्षांची शिल्लक होती आणि बाकी बँकेचं कर्ज तिच्या नावावर. माझ्या भावाने जामीन म्हणून सही केली. ते कर्ज तिचं ती फेडते आहे, ती गोष्ट तिची. मला सांगायची आहे ती माझी.

दौंडकरांना सून पगाराची चालत होती, कोटाची चालत होती. नर्स चालत नव्हती. आणि दोन वर्षं थांबायला तर मुळीच तयार नव्हते. अश्विनीने स्वतः मुलाला भेटून सांगितलं, अंगठी आणि साडी परत केली. पण साखरपुडा मोडला की आमच्यात तेवढ्याने भागत नाही. मोडणाऱ्याने दुसऱ्याचा खर्च भरून द्यायचा, आणि तो चार माणसांसमोर बसून ठरवायचा, अशी रीत आहे.

बैठक आमच्या ओसरीवर बसली. मी आत दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभी. मुलाच्या चुलत्याने आवाज चढवला, "लोकांच्या पोरी नर्सच्या डॉक्टरीण व्हायला बघत्यात. तुमची एम्मेस्सी शिकून परक्याची हागणी-मुतणी काढायला निघाली! शिकवलं कशाला मग, दाजी?"

अश्विनीचे वडील मान खाली घालून बसलेले. ज्या माणसाचं तिने एकवीस दिवस सगळं केलं, तो माणूस. त्यांनीही तिला आधी हेच विचारलं होतं, "माझं केलंस ते लेक म्हणून. गावाचं करायला तुला काय कमी पडलंय?" मुलाच्या वडिलांनी, आप्पांनी, कागद काढला. कार्यालय, जेवण, मंडप, बँड. एक लाख आठ हजार.

"देणार कोन?" चुलते म्हणाले. "का पोरगी इंग्लंडावरनं धाडणार हाय?"

"मी देईन," असा आवाज आला.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "आतनं कोन बोललं?"

खरं सांगते, क्षणभर मलाही कळलं नाही. तीस वर्षांत मी त्या ओसरीवर पुरुषांसमोर एक वाक्य बोलले नव्हते. मी ट्रे खाली ठेवला आणि उंबऱ्यात आले. मी म्हटलं, "मी बोलले. खर्च मी देईन, माझ्या दोन गायींच्या दुधाच्या पगारातनं. यळ लागंल. पन पोरीला काय बोलू नका. ती चोरी करायला न्हाई चालली."

पाहुणे गेल्यावर हे एवढंच म्हणाले, "ज्यानं शब्द दिला त्यानं फेडावा. माझ्या ऊसाच्या बिलाला हात लावायचा न्हाई." रागापेक्षा त्यात लाज जास्त होती, हे मला कळत होतं. मी हो म्हटलं. दहा-दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. पेंड, चारा, डॉक्टर वजा जाता जे उरेल ते माझं. आणि आता दौंडचं.

पैसे द्यायला गेले त्या पहिल्या खेपेला मी काय केलं ते लिहितानाही कानशिलं गरम होतात. पाहुण्यांच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, एवढंच आईने शिकवलेलं. चौफुल्याला एसटी बदलून दौंडला उतरले आणि सवयीने पावशेर पेढे घेतले. कमलताईंनी पुडा उघडून पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "पेढं? कशाचं? मोडल्याचं?"

धरणीने पोटात घ्यावं असं झालं. त्यांनी पाणीही विचारलं नाही. पैसे आत आप्पांकडे दिले. आतून मोजल्याचा आवाज आला. मी पुडा तसाच घेऊन परत निघाले, आणि चौफुल्याच्या स्टँडवर एकटीने बसून अर्धे पेढे खाल्ले. रडू येत होतं आणि पेढे गोड लागत होते. अशा वेळी माणसाने काय करावं?

दुसऱ्या खेपेपासून मी रिकाम्या हाताने गेले. महिन्याला एक खेप. कधी पाच हजार, कधी दोन. गाय आटली तेव्हा नुसतीच गेले, नाहीत म्हणून सांगायला. त्या दिवशी कमलताई म्हणाल्या, "एवढं सांगायला तिकीट काढून आलात? फोन करायचा." आणि पाणी आणलं. पुढे चहा. पुढे एकदा मलाच रागावल्या, "रिकाम्या हातानं काय येता? शिरूर तालुक्यात मेथी पिकायची बंद झाली का काय?"

इकडे मी दौंडच्या खेपा घालत होते, तिकडे लेक शिकत होती. फोनवर सांगायची. एमएस्सी झालेल्या माझ्या पोरीला तीन दिवस खाट घालायला शिकवली, आणि चादरीचा कोपरा तिचा तीनदा चुकला! एका म्हातारीचे पाय धुतले, तर म्हातारीने तिचं नाव विचारून चारदा घोकलं. एकदा एक आजोबा गेले. अश्विनी त्यांचा हात धरून बसली होती. ते सांगून झालं, तरी तिने फोन ठेवला नाही. मग म्हणाली, "आई, गायींना पेंड घातली का?" मी म्हटलं, घातली. तेवढ्यावर तिचं मन थाऱ्यावर आलं.

गावात बाया विचारायच्या, एवढी वर्षं केमिस्ट्री शिकली, ती वाया गेली म्हणायची का? ऊसाच्या आधी आम्ही ताग पेरतो. पुरुषभर वाढतो, पिवळ्या फुलांनी शेत हसायला लागतं, आणि ऐन फुलात त्यावर नांगर घालून तो मातीत गाडतो, खत म्हणून. लांबचा पाहुणा बांधावर उभा राहिला तर हळहळेल, उभं पीक मोडलं म्हणून. त्याला पुढचा ऊस कुठे दिसतो? अश्विनीला विचारलं तेव्हा ती सरळ म्हणाली, "सलाईनमध्ये औषध किती सोडायचं हे मोजताना तेच कामाला येतं, आई." तिला नळी लागते, मला ताग लागतो. दोघींचं उत्तर एकच.

ती पास झाली, वॉर्डात लागली, आणि पहिल्या पगाराला म्हणाली, दौंडचं किती राहिलं सांग, एकदम टाकते. मी नको म्हटलं. ती चिडली. "माझ्यामुळं तू एसटीनं हिंडतीस!" मी म्हटलं, "तू तुझं शिक्षण फेड. शब्द मी दिलाय." आयुष्यात स्वतःच्या तोंडाने दिलेला तो माझा एकच शब्द. तो दुसऱ्याच्या पगाराने फिटला असता, तर माझा राहिला असता का?

मागच्या महिन्यात शेवटचे तीन हजार चारशे राहिले होते. मी पिशवी घेऊन स्टँडकडे निघाले, तर अंगणात मोटारसायकल उभी आणि हे रुमालाने सीट पुसत होते. "बस," म्हणाले. दौंडच्या घरात पाय ठेवणार नाही असं म्हणालेला माणूस! वाटेत पारगावच्या पुलावर वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यानेच आलं असं मी म्हणते.

ओट्यावर आप्पा होते. दोन्ही पुरुषांनी एकमेकांना रामराम केला आणि लगेच ऊसाच्या भावावर आले. त्यांच्या मुलाचं लग्न झालंय. सून चहा घेऊन आली, कडेवर वर्षाची मुलगी. मी आत गेले. या वेळी कमलताईंनी पैसे आप्पांकडे नेले नाहीत. स्वतः पाटावर बसून, बोटाला थुंकी लावून मोजले. मग एक नोट वेगळी काढली.

"शंभर जास्त हायेत."

"असू द्या, ताई. नातीला खाऊ."

"खाऊ येगळा, ह्ये येगळं." त्यांनी नोट माझ्या मुठीत कोंबली आणि मूठ वरून दाबून धरली. त्यांचा हात गरम होता. "ह्ये बरोबर घ्यायचं ठरलंय, बरोबरच घेनार. खाऊ पुढच्या खेपंला आना."

"पुढची खेप कशाची? आता देणं कुठं ऱ्हायलं?"

"म्हंजी देणं आसंल तरच यायचं व्हय?"

मी नोट पदराच्या गाठीला बांधली. बाहेरून यांनी विचारलं, "झालं का?" एवढ्या दिवसांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं. कमलताई मोठ्याने म्हणाल्या, "झालं, दाजी! पै अन् पै फिटली. बसा आता निवांत, भाकरी टाकते."

आम्ही जेवूनच निघालो.