आवणीवरची टीप

अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी येणाऱ्या कविता लिहिणारे स्वतःच आधी एका संकेतस्थळावर ठेवत. आम्ही चौघीजणींनी त्या वाचायच्या, तिथेच शब्दांवर खुणा करायच्या, समासात टिपा लिहायच्या. बाकी तिघींकडे संगणक. माझ्याकडे मुलीने दिलेला टॅबलेट.

त्याची काच थंड आणि निसरडी. शब्दावर बोट दाबून धरलं की दोन्ही टोकांना निळे थेंब उमटत आणि क्षणात टॅबलेटचीच काळी पट्टी वर येई: कॉपी, शेअर, भाषांतर. टीप लिहिण्याची खूण तिच्याखाली झाकून जाई. पट्टी घालवावी, तर धरलेला शब्दही सुटे. मी टॅबलेट आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला. शेवटी काचेवर चालणारं पेन आणायला उल्हासनगरला गेले.

"दीदी, पेन लेने से कुछ नहीं होगा," माझी अडचण ऐकून दुकानातले सिंधी गृहस्थ म्हणाले. "शब्द पे नहीं लिख सकते ना, तो पूरे पेज पे नोट डाल दो. सिलेक्ट करना ही नहीं पडेगा." एवढं सांगून पेन त्यांनी विकलंच.

युक्ती चालली. त्या संध्याकाळी मी पानामागून पान वाचत गेले, आणि कित्येक दिवसांनी माझं बोट अडखळलं नाही. त्या सुखात मी जरा सैल लिहू लागले.

त्यातली एक कविता बारवी धरणाकडच्या पाड्यात वाढलेल्या, आता बेलवलीत राहून औषधांच्या कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या एका बाईची. तिची पहिलीच. ती सुरू होत होती अशी: 'आवणीच्या पाण्यात आईची पावलं'. मी टीप लिहिली: 'लावणी हवे. पहिल्याच शब्दात चूक. कान आहे, पण भाषेचे संस्कार नाहीत.'

ही टीप माझ्यापुरती होती. बैठकीत मी ती मऊ करून सांगणार होते. पण 'फक्त मला' की 'सर्वांना' हे ठरवणारी ओळ टॅबलेटवर कीबोर्डच्या मागे राहिली होती आणि ती मी पाहिली नाही. शिवाय शब्दाला चिकटलेली टीप समासात दबून राहते. पानाची टीप माथ्यावर बसते. कविता उघडणाऱ्या प्रत्येकाला, खुद्द तिलाही, आधी माझं वाक्य दिसत होतं, मग तिची ओळ.

दोन दिवसांनी तिचाच फोन आला.

"मॅडम, लावणी केलं मी. बघून घ्या."

माझे कान तापले. "अहो, ते टॅबलेटमुळे चुकून सगळ्यांना दिसलं."

"चुकून दिसलं, की चुकून लिहिलं?"

तीच पुढे बोलली. "आईला वाचून दाखवली. ती म्हणते, 'लावणी? नाचाची का गं? आमी त् आवणीच करतांव.' राबातली भाताची रोपं उपटून चिखलात लावतात ना, ती आवणी. लय हसली."

चाळीस वर्षं मी कवितेत शब्दांचे गंध शोधत आले. आणि घरापासून तासाभराच्या वाटेवर, गुडघाभर चिखलात दरवर्षी उच्चारला जाणारा हा शब्द माझ्या कानावर कधी पडला नव्हता. न ऐकलेल्या शब्दाला मी अशुद्ध ठरवलं होतं. आणि टीप तिला दिसल्याचं कळलं तेव्हा आधी दोष दिला तो यंत्राला.

रविवारी मी बेलवलीला गेले. तिने दार उघडलं. हातांना कांद्याचा वास, नजर सरळ. चहा ठेवला. मी तिला सांगितलं की टीप काढून टाकली आहे, तिघींनाही माझी चूक कळवली आहे, आणि तिने आवणी परत लिहावं.

"तुम्ही सांगितलं म्हणून बदलला," ती म्हणाली. "आता तुम्ही सांगताय म्हणून परत फिरवू?"

"मला तो शब्द ठाऊक नव्हता."

"मग विचारायचं ना, मॅडम. फोन नंबर होता खाली."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला निदान कुठेतरी टेकता आलं असतं. चहाच्या कपाचा कान धरून मी बसून राहिले. चहावर साय धरली तरी तो प्यायला गेला नाही. अंकात कविता घेऊ ना, असं मी निघताना विचारलं. "बघते," ती म्हणाली आणि माझ्या चपला उन्हातून सावलीत सरकवल्या.

अंक छापायला जाण्याच्या आदल्या दिवशी तिने संकेतस्थळावरून आपलं पान काढून घेतलं. कारण दिलं नाही. बाकी तिघींपैकी एकीने बैठकीत सहज विचारलं, "ती बेलवलीची कविता कुठे गेली हो?" सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. तिने ती परत घेतली, आणि तेही माझ्यामुळे, एवढं मी म्हणाले.