काचेची नळी आणि तांबट

तेव्हा मी नाशकात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. स्पिरिटात पाणी किती हे बघायला आमच्याकडे एक काचेची नळी होती. स्पिरिट कडक असेल तेवढी ती खोल बुडायची, पाणी असलं की वर यायची. ती हाताळता येत होती म्हणून मी स्वतःला अर्धा डॉक्टरच समजायचो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी माझा लंगोटीयार बाटली घेऊन आला. जातीचा तांबट, हंड्यावर असे ठोके घालायचा की बघत राहावं. बाटली त्याला लाकडाला पॉलिश करणाऱ्या एकाने दिली होती.

"तुझ्या काचेनं बघ रे, पाणी घातलंय का. पाणी नसलं तर माल खरा."

मी नळी सोडली. सरळ खाली गेली, आमच्या स्पिरिटाच्या खुणेपाशी थांबली. वास मात्र वेगळा आला. नाक नको म्हणत होतं, पण मी नाकाचं कशाला ऐकतोय?

"चोख आहे," मी ऐटीत म्हणालो. "पाणी घालून घे, नाहीतर घसा जाळशील."

"चल की तूही."

"मला दवाखाना आहे."

संध्याकाळी तो एकटाच थोडी प्यायला. बाकीची रंगपंचमीला सगळ्या मित्रांसाठी ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही रहाडीच्या काठावर उभे होतो. रहाड म्हणजे आमच्याकडचा रंगाचा मोठा हौद. लोक धपाधप उड्या मारत होते, गुलाबी पाणी अंगावर उडत होतं. तो माझा दंड धरून म्हणाला, "धुकं फार पडलंय रे आज. रंग अजून टाकला नाही का?"

वर लख्ख ऊन होतं. मी त्याला तसंच ओढत दवाखान्यात नेलं.

त्याला डॉक्टरांच्या हवाली करून मी पुस्तकातला घनतेचा तक्ता उघडला. पाणी हजार धरलं तर पिण्याचं अल्कोहोल सातशे एकोणनव्वद. खालच्याच ओळीत लाकडाचं, म्हणजे मिथाइल अल्कोहोल, विषारी, सातशे ब्याण्णव. तीनचा फरक! आमच्या नळीवरच्या खुणा पाच-पाचांच्या. उरलेली बाटली मी तशीच मोरीत ओतली.

जीव वाचला. डोळे गेले.

मला तो कधी एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. पुढच्या दिवाळीत त्याने चाचपत चाचपत एक तांब्या घडवला आणि माझ्या हातात दिला.

"बघ रे, ठोके ओळीत आलेत का? तू सांगशील तेच खरं."

ठोके सगळे वाकडे होते.

"चोख आहे," मी म्हणालो.