टोपी आणि बूट

कोल्हापुरात गोऱ्या एजंटसाहेबाच्या कचेरीत मी कारकून होतो. तिथं एक अर्जदार वर्षानुवर्षं यायचा. बाप गोरा सोल्जर, म्हणून आपल्यालाही गोऱ्यांसारखं इंग्रज रयत मानावं, एवढंच मागणं. मानलं तर रेल्वेत गार्ड होता येणार होतं.

"आत जाताना गोरा टोपी काढतो, बूट न्हाय. व्हय की न्हाय, रावसाहेब?" दर वेळी हाच प्रश्न. मी कंटाळून मान हलवायचो.

अखेर साहेबानं खातरजमेसाठी त्याला आईसकट बोलावलं. पन्हाळ्याहून चालत आलेल्या म्हातारीनं उंबऱ्याबाहेर पायताण काढलं. तो थबकला, मग खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला.

"तू नगं काढू," ती म्हणाली.

"तू अनवानी आन मी बुटात? बरं दिसंल व्हय?"

टोपी डोक्यावरच राहिली.

पट्टेवाल्यानं दोघांचे पाय पाहिले आणि आत वर्दी दिली, "दोन नेटिव्ह आलेत, साहेब."