हातभर मोकळी जागा

आमच्या गारखेड्यातल्या गल्लीत एक इंजिनियर बाई राहतात. स्कूटर लावतील तीही भिंतीपासून हातभर लांब. चहाला आल्या की बोलता बोलता टेबलावरचे कपसुद्धा एकमेकांपासून दूर सरकवतात.

गल्लीच्या तोंडाशी नवा दवाखाना झाला. तो रबरी गाद्यांवर उभा आहे आणि भूकंपात सावकाश सरकतो, असं त्या सांगायच्या. त्यासाठीच त्याच्या भोवती हातभर खंदक मोकळा सोडला होता. त्या वर्षी दुष्काळ पडला होता, टँकरचा काही नेम नसायचा. आम्ही गल्लीतल्यांनी सावली बघून पाण्याचे ड्रम त्या खंदकात उतरवले.

"वहिनी, काढा ते," बाई म्हणाल्या.

"मॅडम, इथं प्यायला पाणी नाय, अन् तुम्हाला भूकंपाचं पडलंय!"

माझ्याच पाटावर त्यांनी गोट्या पसरल्या, गोट्यांवर ताट ठेवलं आणि ताटात पेल्यांची उतरंड रचली. पाट हलवला तसं ताट नुसतं सरकत राहिलं. पेले जागचे हलले नाहीत. मग ताटाच्या अगदी जवळ एक वीट ठेवून त्यांनी पाट पुन्हा हलवला. ताट विटेवर आदळलं आणि सगळ्यात वरचा पेला उडून माझ्या पायाशी पडला.

"दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बाळंतिणी असतात," त्या म्हणाल्या.

मी खंदकातला माझा ड्रम वर ओढायला घेतला. "पण ठेवू कुठं?"

"माझ्या घरी."

संध्याकाळी गेले, तर त्यांचा पलंग अंगणात आला होता. आत गल्लीभरचे ड्रम एकमेकांना खेटून, भिंतींना टेकून उभे होते. हातभरसुद्धा जागा उरली नव्हती.